चार दिवस शहाणा, पाचव्या दिवशी पुन्हा आकांत: दत्तक कुत्र्याचं क्रेट प्रशिक्षण कुठे अडतं

लक्षणं साधारण अशी असतात. दत्तक आणलेला कुत्रा क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी घरात ठेवलेल्या दाराच्या पिंजऱ्यात, स्वतःहून जातो, आत बसून खातो, दार लावलं तरी दहा-पंधरा मिनिटं निवांत पडून राहतो. घरातल्यांना वाटतं, सुटलो. मग एके दिवशी कडी वाजताच तोच कुत्रा भुंकायला लागतो, तळाचा ट्रे उकरतो, गज चावतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली की काही दिवस बरं चालतं आणि परत तेच. यावर मिळणारे सल्ले दोन टोकांचे असतात. एक म्हणतो, रडू द्या, दमला की गप्प होईल. दुसरा म्हणतो, क्रेट म्हणजे क्रूरपणा, फेकून द्या. दोन्ही सल्ले काही कुत्र्यांना लागू पडतात आणि काहींचं पार वाटोळं करतात. आपला कुत्रा कुठल्या गटातला हे आधी कळायला हवं, आणि ते दाराबाहेर उभं राहून आवाज ऐकून कळत नाही.

आधी रेकॉर्डिंग करा

जुना फोन क्रेटसमोर ठेवा आणि नुसतं रेकॉर्डिंग नको, दुसऱ्या फोनवर चालू चित्र बघता येईल अशी सोय करा. मग नेहमीसारखे बाहेर पडा. जास्त वेळ थांबायची गरज नाही. एकटेपणाला घाबरणारी कुत्री बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच, पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांतच ते दाखवतात. घाबरगुंडी उडालेली दिसली की लगेच परत या. ही परीक्षा त्याची नाही, त्यामुळे ताणून धरण्यात काही मिळत नाही.

बघायचं ते इतकंच की सुरुवात नेमकी कुठल्या क्षणी होते. कडी लागताच? तुम्ही खोलीतून बाहेर पडताच? की सगळं शांत असताना तासाभराने? भुंकण्याच्या आधी काय होतं तेही बघा: ओठ चाटणं, जांभया, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, आत ठेवलेला आवडता खाऊ तसाच पडून राहणं. यातलं खाऊचं लक्षण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. एरवी हातातून हिसकावून घेणारा कुत्रा जर समोरच्या खाऊकडे बघतही नसेल, तर तो शिकण्याच्या अवस्थेत राहिलेला नाही. त्या क्षणी कुठलंही प्रशिक्षण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

त्यानंतर दोन वेगवेगळ्या दिवशी दोन गोष्टी तपासा. एके दिवशी क्रेटचं दार लावून तुम्ही समोरच जमिनीवर बसा, वाचत बसा, त्याच्याकडे बघू नका. दुसऱ्या दिवशी क्रेटचा विषयच नको. त्याला खोलीत मोकळं सोडून तुम्ही घराबाहेर जा. तुम्ही समोर असतानाही बंद दारामागे कासावीस होत असेल तर अडचण कोंडलं जाण्याची आहे. मोकळा असतानाही मुख्य दाराशी जाऊन रडत असेल तर अडचण एकटेपणाची आहे आणि क्रेटशी तिचा थेट संबंध नाही. दोन्हींत गप्प राहिला, पण क्रेटमध्ये तासाभराने कुरकुरतो, तर आधी पोट, मूत्राशय आणि सांधे तपासायचे.

काहींना दोन्ही भीती एकत्र असतात. तरी त्या वेगवेगळ्याच सोडवायच्या, एका वेळी एक.

अडचण एकटेपणाची असेल तर क्रेट बंद करणं थांबवा

हे स्पष्ट सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. खरी सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे एकटं राहण्याची तीव्र भीती, असलेला कुत्रा क्रेटमध्ये कोंडला की शांत होत नाही; त्याची भीती तशीच राहते आणि पळायची वाट तेवढी बंद होते. मग दात तुटतात, नखं उखडतात, नाकाची कातडी सोलवटते, गज वाकतात. परत आल्यावर छातीवरचे केस लाळेने चिंब भिजलेले दिसले किंवा ट्रेमध्ये लाळेचं थारोळं दिसलं, तर तो 'नाटक करत होता' म्हणू नका. लाळ ठरवून गाळता येत नाही.

अशा कुत्र्यासाठी काम असं असतं: प्रशिक्षण चालू आहे तोवर, त्याला जेवढा वेळ जमतो त्याहून जास्त वेळ तो एकटा राहणार नाही, अशी व्यवस्था करायची. घरातल्यांच्या वेळा वाटून घेणं, ओळखीच्या कुणाकडे ठेवणं, जमलं तर सोबत नेणं. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, पण एका बाजूने रोज पाच सेकंदांचा सराव आणि दुसऱ्या बाजूने रोज चार तासांचा आकांत असं चाललं तर आकांतच जिंकतो.

सराव अगदी बारीक तुकड्यांचा. किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा सोफ्यावर बसायचं. बूट घालायचे आणि स्वयंपाकघरात जायचं. दाराबाहेर पाऊल टाकून तो उठायच्या आत परत यायचं. किल्ल्या, बूट, बॅग या गोष्टींनी त्याच्या डोक्यात 'आता जाणार' हे पक्कं केलेलं असतं. त्यातली भीती सुटी करून काढावी लागते.

आणि पशुवैद्याकडे जा. फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही औषधं कुत्र्यांच्या याच त्रासासाठी वापरली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नयेत, आणि एकदम तर कधीच बंद करू नयेत. औषध म्हणजे आपण हरलो असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. घाबरून गेलेला मेंदू शिकत नाही. औषधाने तो शिकण्याजोगा होतो, शिकवायचं काम मात्र तुमचंच राहतं. एक सावधगिरी: ॲसप्रोमॅझिनसारखं नुसतं गुंगी आणणारं औषध शरीर ढिलं करतं, भीती कमी करतंच असं नाही. फक्त असंच औषध कुणी दिलं तर ते भीतीवर आहे की हालचालीवर, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

अडचण कोंडलं जाण्याची असेल तर

कुत्रा हा मूळचा गुहेत राहणारा प्राणी, म्हणून त्याला क्रेट आवडतोच, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यावर फार विसंबू नका. लांडगे बीळ वापरतात ते मुख्यतः पिल्लं वाढवण्यासाठी. मोठे लांडगे उघड्यावर झोपतात. रस्त्यावर वाढलेला कुत्रा गाडीखाली झोपतो, पण तिथून चारही बाजूंनी पळता येतं. बंद दार त्याच्या ओळखीचं असेल तर ते बहुतेक पकडून नेणाऱ्या गाडीचं, नाहीतर निवाऱ्यातल्या पिंजऱ्याचं. म्हणजे तुम्ही कोऱ्या पाटीवर लिहीत नाही आहात.

इथे पायऱ्या सगळ्यांना माहीत असतात: दार उघडं ठेवा, आत खाऊ टाका, आतच जेवण द्या, दार क्षणभर लोटा, मग कडी, मग वेळ वाढवा. बिघाड पायऱ्यांत नसतो, पायऱ्यांमधल्या उड्यांत असतो. त्यातल्या तीन फार नेहमीच्या आहेत.

पहिली, वेळ नेहमी वाढतच जातो. दहा सेकंद, वीस, चाळीस, मग दोन मिनिटं. कुत्र्याच्या बाजूने विचार करा: प्रत्येक पुढची वेळ आधीपेक्षा वाईटच. असं असेल तर आत जायचंच कशाला? वेळ खाली-वर हवा. दहा सेकंद, तीन, वीस, आठ, पंधरा, दोन, तीस. सरासरी हळूहळू चढते, पण पुढची वेळ सोपी निघायची शक्यता कायम राहते.

दुसरी, एका दमात दोन गोष्टी अवघड केल्या जातात. वेळ वाढवला त्याच दिवशी तुम्ही दुसऱ्या खोलीतही गेलात. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड या तीन वेगळ्या पट्ट्या आहेत. एक पुढे सरकवली की बाकीच्या दोन मागे घ्यायच्या. पहिल्यांदा खोलीबाहेर जाताना वेळ पुन्हा दोन-तीन सेकंदांवर आणा, मग भले खोलीत असताना तो पंधरा मिनिटं झोपत असो.

तिसरी म्हणजे दार फक्त घराबाहेर पडतानाच लागतं. मग कडीचा आवाज हीच एकटेपणाची घंटा होते. तुम्ही घरात असताना, जेवताना, फोनवर बोलताना, काहीही घडणार नसताना दार लागायला आणि उघडायला हवं. दिवसातली बहुतेक 'बंद दारं' अशी निरर्थक असावीत.

कडीच्या आवाजाचंही वेगळं काम असतं. तारेचा क्रेट कुत्रा हलला की खणखणतो, ट्रे घसरतो, आणि आधीच बिचकलेला कुत्रा स्वतःच्याच हालचालीने दचकतो. ट्रेखाली जाड चादर किंवा रबरी चटई घाला. दार बाहेरून बांधून न ठेवता फक्त कडी वाजवायची, खाऊ टाकायचा, पुन्हा कडी, पुन्हा खाऊ. कुत्रा बाहेर बसलेला असतानाही हा सराव चालतो.

भुंकतोय तेव्हा दार उघडायचं की नाही

याचं एकच उत्तर शोधणं हाच घोटाळा आहे. मागणीचं भुंकणं तुटक असतं. दोनदा भुंकतो, थांबतो, कान टवकारून ऐकतो, तुमच्याकडे बघतो, मधेच खाऊही खातो. इथे दोन-तीन सेकंदांच्या शांततेची वाट बघा आणि त्या शांततेत दार उघडा. लक्षात घ्या, आजवर भुंकून काम होत आलं असेल तर ते बंद होण्याआधी भुंकणं एकदम वाढतं. ही वाढ सुधारणेच्या वाटेवरचीच असते. नेमक्या त्या शिखरावर वैतागून दार उघडलं तर त्याने शिकलेला धडा एवढाच: अजून जोरात भुंकायला हवं होतं.

घाबरलेल्याचं भुंकणं सलग, एका चालीचं, उंच पट्टीचं. धापा, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, खाऊकडे लक्ष नाही. इथे शांततेची वाट बघू नका. दार उघडा, काही न बोलता. 'त्याला सवय लागेल' ही भीती इथे लागू नाही; घाबरलेल्याला धीर दिल्याने भीती वाढत नाही. उलट दमून गप्प झालेला कुत्रा शांत झाला असं समजणं फसवं आहे. अनेकदा त्याने फक्त आशा सोडलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी तो क्रेटजवळही येत नाही.

मग बरा झालेला कुत्रा पुन्हा का बिघडतो

रशियन शास्त्रज्ञ इवान पावलोव्हचं नाव घंटा आणि लाळेसाठी सगळ्यांना ठाऊक आहे (घंटेबरोबर खाणं देत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते), पण त्याच्या कामातला या प्रश्नाला धरून असलेला भाग वेगळा आहे. शिकवलेली प्रतिक्रिया विझवली, म्हणजे घंटा वाजवून खाणं दिलंच नाही, तर लाळ सुटणं थांबतं. पण काही काळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा घंटा वाजवली, तर लाळ परत येते. म्हणजे जुनं शिकणं पुसलं गेलं नव्हतं, त्यावर नवं शिकणं येऊन बसलं होतं. भीतीचंही असंच असतं. १९२४ साली लेनिनग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) मोठा पूर आला. पावलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली, पाणी चढत गेलं आणि माणसांनी त्यांना कसंबसं बाहेर काढलं. नंतर त्यांतल्या काही कुत्र्यांची पक्की शिकवलेली वागणूक विस्कटून गेली. ती हळूहळू पूर्ववत झाल्यावरही खोलीत थोडं पाणी सोडलं की बिघाड परत यायचा.

दत्तक कुत्र्याच्या पोटात असा कुठला पूर आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. क्रेटमध्ये तो शांत झोपतो तेव्हा जुनी आठवण गेलेली नसते, तिच्यावर नव्याचा एक पातळ थर बसलेला असतो. तो थर ज्या खोलीत, ज्या माणसासोबत, ज्या चादरीवर बसला, तिथेच तो घट्ट असतो. म्हणून पुन्हा बिघडला की 'याला काय झालं' याच्या आधी 'आसपास काय बदललं' हे विचारा. क्रेट दुसऱ्या भिंतीला सरकवला? चादर धुतली आणि त्याचा वास गेला? दार लावणारं माणूस बदललं? आदल्या दिवशी फटाके, वादळ, दवाखाना, घरी पाहुणे? एका कटकटीने न डगमगणारा कुत्रा तीन कटकटी एका दिवशी आल्या की डगमगतो, आणि ताणाचं रसायन शरीरातून उतरायलाही वेळ लागतो. अशा दिवसानंतर एक-दोन दिवस क्रेटचं दार लावूच नका. सराव बुडाला म्हणून काही बिघडत नाही.

मग परत सुरू करताना अगदी शून्यापासून नको. जिथे तो शेवटचा खरोखर निवांत होता, कुशीवर पडून मान टेकवलेली, त्या पायरीवर जा. दुसऱ्यांदा चढताना वेळ बहुधा कमी लागतो. प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी अडत असेल, समजा पंधरा मिनिटांवर, तर ती पायरी फार मोठी आहे. तिचे तुकडे करा. आणि एकच खोली, एकच माणूस, एकच वेळ असा सराव पक्का झाला की मुद्दाम बदल करा: क्रेट हातभर सरकवा, दार दुसऱ्या कुणाला लावू द्या. थर वेगवेगळ्या जागी बसवला तरच तो टिकतो.

नवीन घरात रुळायला कुत्र्याला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने लागतात असा एक ठोकताळा सांगतात. तो ठोकताळाच आहे. पण त्यातून एक कामाची गोष्ट घ्या: पहिल्या दिवसांतला शांतपणा नेहमीच खरा नसतो. काही कुत्री नव्या जागी भीतीने थिजतात, आपल्याला ती 'गुणी' वाटतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती मोकळी होतात आणि तेव्हा पहिल्यांदा आवाज निघतो. तुमचं प्रशिक्षण बिघडलं असं त्यावरून ठरत नाही.

शरीराची कारणं

ही भराभर सांगतो, पण वगळू नका. आत लघवी किंवा शी होत असेल तर आधी मूत्रमार्गाचा संसर्ग आणि जंत तपासा. प्रौढ कुत्र्याला दिवसा चार तासांच्या पलीकडे बंद ठेवणं मला योग्य वाटत नाही. पिल्लासाठी 'वय जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास' ही कमाल मर्यादा समजा, लक्ष्य नव्हे, आणि तीही चार तासांच्या आतच. निवाऱ्यात घाणीतच राहावं लागलेल्या कुत्र्याची झोपायची जागा स्वच्छ ठेवायची उपजत सवय मोडलेली असते. त्याच्या बाबतीत क्रेट लहान करून उपयोग नाही; बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवा आणि डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने काढा. अमोनियाचा क्लीनर नको, तो वास त्याला लघवीची आठवण देतो.

वयस्क कुत्रा आडवा व्हायला टाळत असेल, सारखा कूस बदलत असेल, तर कंबर किंवा गुडघे दुखत असतील; जाड गादी घालून बघा आणि डॉक्टरांना दाखवा. म्हातारा कुत्रा फक्त रात्रीच अस्वस्थ होत असेल तर वयामुळे मेंदूत होणारे बदलही असू शकतात.

मापाचं म्हणाल तर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि वर साधारण १० सेंटिमीटर. उभा राहिला की डोकं छताला लागू नये. क्रेटवर कापड टाकणार असाल तर निदान एक बाजू उघडी ठेवा. कुत्रा अंग गार करतो ते मुख्यतः धापेने, आणि कोंदट हवेत धाप कामाची राहत नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हे जिवावर बेतू शकतं. दार लावण्याआधी पट्टा आणि बिल्ला काढायचा, तो गजांत अडकून गळफास बसू शकतो. रोजचं दार असो की दोन सेकंदांचा सराव, यात सूट नाही.

क्रेट नकोच, असं ठरलं तर

चालेल. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्रा क्रेटमध्ये कोंडून ठेवायला कायद्याचीच मनाई आहे, आणि तिथली कुत्रीही घर नीट ठेवायला शिकतात. बेबी गेट, म्हणजे लहान मुलांना अडवायचं बुटकं फाटक, लावलेली खोली, जाळीचं मोकळं कुंपण, चावण्याजोग्या वस्तू उचलून ठेवलेला कोपरा, यांतलं काहीही पुरतं. कोंडलं जाण्याची भीती असलेली बरीच कुत्री पलीकडचं दिसणाऱ्या गेटमागे आरामात राहतात. कुत्र्याचे दात आणि आपली झोप दोन्ही पणाला लावून क्रेटचाच हट्ट धरावा, असं त्यात काही नाही.

तरी उघड्या दाराचा क्रेट मी घरात ठेवायला सांगेन. शस्त्रक्रियेनंतर, प्रवासात, दवाखान्यात दाखल करावं लागलं तर त्याला कधी ना कधी पिंजऱ्यात राहावं लागणारच आहे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शिकवायला वेळ नसतो. दार काढून टाका हवं तर. आत गादी ठेवा, अधूनमधून त्याचं लक्ष नसताना खाऊ टाकून ठेवा, तो आत गेला तर त्याच्याकडे बघूही नका. काही आठवड्यांनी दार परत बसवा आणि ते लावायची घाई करू नका.